धाव आपली, ठेव गरिबांची



येत्या जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये धावून डायलिसिसवर असलेल्या गरजू रुग्णांसाठी निधी उभारावा, अशी इच्छा आपल्या धर्मग्रामातील काही तरुण-तरुणींनी व्यक्त केली आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही अकरा जणांनी असाच एक प्रयत्न केला होता. म्हणून आपल्या प्रमुख धर्मगुरूंनी आम्हाला सांगितले, "तुम्ही आधी धावला आहात. काय साधले आणि काय चुकले ते प्रामाणिकपणे लिहा. वाडीवाडीच्या बैठकीत त्यावर चिंतन होऊ द्या." त्यानुसार हा पाठ आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत.

धावणे सोपे नाही, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. पण त्याहून कठीण गोष्ट धावणे संपल्यावर सुरू होते, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळले.

१. एकाच पत्रात दोन गोष्टी

संत पौलाला शर्यतीची उपमा आवडत असे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो म्हणतो की, शर्यतीत सगळेच धावतात पण बक्षीस एकाला मिळते. धावणारे नाश पावणाऱ्या मुकुटासाठी स्वतःवर ताबा ठेवतात, आपण तर अविनाशी मुकुटासाठी धावत आहोत (१ करिंथ ९:२४-२७). करिंथच्या लोकांना ही उपमा समजावून सांगावी लागत नव्हती. त्यांच्या शहराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत. विजेत्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट घालत असत, आणि तो काही दिवसांत सुकून जाई.

हा उतारा आपण पुष्कळदा ऐकतो. पण त्याच पत्राचा शेवटचा अध्याय आपण सहसा वाचत नाही. तिथे पौल अगदी व्यवहाराचे बोलतो. यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी वर्गणी गोळा करायची आहे. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे काहीतरी बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. आणि हा पैसा घेऊन कोणी जायचे, ती माणसे तुम्हीच पसंत करा, मी त्यांना पत्रे देऊन पाठवीन (१ करिंथ १६:१-४).

म्हणजे शर्यतीचे बोलणारा पौल आणि वर्गणीचे बोलणारा पौल एकच आहे. दोन्ही गोष्टींना त्याने एकच शिस्त लावली आहे: आधीपासून तयारी, नेमाने थोडे थोडे, आणि शेवटपर्यंत नेटाने. आपण मात्र पहिली गोष्ट घेतो आणि दुसरी विसरतो. आम्ही तेच केले.

२. आमची चूक

आपल्याच धर्मग्रामातील एका गृहस्थांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. ही हकीगत आम्ही त्यांच्या कुटुंबाच्या परवानगीने, नाव न घेता सांगत आहोत. डायलिसिस म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणे. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा जावे लागते, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून पडून राहावे लागते, आणि हे बहुधा आयुष्यभर चालते. यंत्राचा खर्च एखाद्या योजनेतून भागला तरी जाण्या-येण्याचे रिक्षाभाडे, इंजेक्शने, औषधे आणि बुडालेली रोजंदारी हे घरावर पडतेच.

आम्ही ठरवले की अर्ध मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, धावायचे आणि लोकांकडून किलोमीटरमागे ठरावीक रक्कम लिहून घ्यायची. कोणी किलोमीटरमागे पाच रुपये लिहिले, कोणी पन्नास. आजीबाईंनी कार्डावर अंगठा उमटवला, मुलांनी खाऊचे पैसे लिहिले. शर्यत पार पडली, अकराही जण पोहोचले. पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही वेदीसमोर उभे राहून आकडा जाहीर केला: एक लाख शहाऐंशी हजार रुपये. टाळ्या झाल्या. त्या गृहस्थांच्या पत्नी पुढच्या बाकावर बसून रडत होत्या.

पण तो आकडा कार्डांवरचा होता, हातातला नव्हता. प्रत्यक्षात आमच्याकडे आले एक लाख बारा हजार. बाकीचे लोक देणार नव्हते असे नाही; कोणी बाहेरगावी गेले, कोणी विसरले, कोणाला वाटले की दुसऱ्या कोणी नेले असतील. आणि आम्ही पुन्हा विचारायला लाजलो. एकदा मागितले, आता पुन्हा कसे तोंड दाखवायचे, असे वाटून आम्ही गप्प बसलो. शिवाय टी-शर्ट आणि बस यांचे एकोणीस हजार आम्ही त्याच पैशांतून दिले होते. त्या कुटुंबाच्या हाती पोहोचले त्र्याण्णव हजार. जाहीर केलेल्या रकमेच्या बरोबर निम्मे.

कोणी तक्रार केली नाही. त्या बाई एवढेच म्हणाल्या, "दादा, तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ." आम्हाला सुटल्यासारखे वाटले आणि तो विषय आम्ही मिटवला.

पाच महिन्यांनी बाजारात भाजी विकणाऱ्या आपल्याच एका मावशींनी आमच्यापैकी एकाला थांबवून विचारले, "बाळा, माझे शंभर-सव्वाशे रुपये होते, ते पोचले ना रे?" त्यांनी किलोमीटरमागे पाच रुपये लिहिले होते आणि एकशे पाच रुपये दुसऱ्याच दिवशी आणून दिले होते. साधा प्रश्न होता. पण आमच्याजवळ त्याचे नेमके उत्तर नव्हते. त्यांचे एकशे पाच रुपये औषधाला गेले की आमच्या टी-शर्टला, हे आम्ही सांगू शकत नव्हतो.

त्या संध्याकाळी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. तेव्हा त्यांच्या मुलीकडून कळले की, मधल्या काळात बाबांचे डायलिसिस दोनदा चुकले होते. रिक्षाला पैसे नव्हते, आणि चर्चमधून वर्षभराची सोय झाली आहे असे सगळ्यांनी ऐकलेले असल्यामुळे शेजाऱ्यांकडे मागायची आईला लाज वाटत होती.

आम्ही जाहीर केलेल्या खोट्या आकड्याने त्या घराचा मदतीचा दुसरा दरवाजाही बंद केला होता. हेतू चांगला असूनही माणसाचे नुकसान कसे होते, ते आम्ही त्या दिवशी पाहिले.

नंतर आम्ही टी-शर्ट आणि बसचे एकोणीस हजार स्वतःच्या खिशातून भरले. कार्डे घेऊन पुन्हा दारोदार गेलो. एकेचाळीस हजार आणखी मिळाले. उरलेले तेहतीस हजार कधीच आले नाहीत. ते गृहस्थ आजही डायलिसिसला जातात.

३. करिंथची अपुरी वर्गणी

हे सगळे घडून गेल्यावर आम्ही करिंथकरांस दुसरे पत्र उघडले, आणि आम्हाला आश्चर्य वाटले. करिंथकरांचेही अगदी असेच झाले होते! त्यांनी मोठ्या उत्साहाने वर्गणीचे वचन दिले होते. पौलाने त्यांचा हा उत्साह दुसऱ्या मंडळ्यांना कौतुकाने सांगितला होता. पण वर्ष उलटले तरी रक्कम पूर्ण झाली नव्हती. म्हणून पौल त्यांना लिहितो की, गेल्या वर्षी तुम्ही इच्छा करण्यात पुढे होता, आता तेच काम तडीस न्या (२ करिंथ ८:१०-११). मी तुमच्याविषयी अभिमानाने बोललो आहे, माझ्याबरोबर आलेल्यांना तुम्ही तयार नसलेले आढळलात तर आपण सगळेच लाजू, असेही तो स्पष्टपणे सांगतो (२ करिंथ ९:२-५).

पौलाला पुन्हा मागायची लाज वाटली नाही. कारण तो स्वतःसाठी मागत नव्हता. ज्यांच्यासाठी मागत होता, ते यरुशलेमात वाट पाहत होते. वचन दिलेल्या माणसाला आठवण करून देणे हा त्याचा अपमान नाही. त्याच्या चांगल्या हेतूला तडीस न्यायला केलेली ती मदत आहे. हे आम्हाला तेव्हा कळायला हवे होते.

त्याच अध्यायात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. पौल हा पैसा एकट्याने हाताळत नाही. तो तीताला पाठवतो आणि त्याच्याबरोबर आणखी दोन बांधव देतो. त्यांपैकी एकाला तर मंडळ्यांनीच या कामासाठी निवडलेले आहे. का? या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेत कोणी आपल्याला बोल लावू नये म्हणून. केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगले ते करण्याची आपण काळजी घेतो, असे तो कारण देतो (२ करिंथ ८:१६-२१). ज्या प्रेषितावर अख्ख्या मंडळ्यांचा विश्वास होता, त्याला हिशेब दाखवणे कमीपणाचे वाटले नाही. मग "आमच्यावर विश्वास नाही का?" असे म्हणणारे आपण कोण?

शेवटी ही वर्गणी पूर्ण झाली. रोमकरांस लिहिताना पौल सांगतो की, मासेदोनिया आणि अखया येथील लोकांनी यरुशलेममधील गरिबांसाठी आनंदाने वर्गणी केली आहे आणि ती पोहोचवायला मी निघालो आहे (रोम १५:२५-२८). करिंथ हे अखयातच होते. उशिरा का होईना, करिंथकरांनी आपला शब्द पाळला.

४. शर्यत अपुरी, काम पूर्ण

शर्यतीतून निधी उभारण्याची आज जगभर रूढ झालेली पद्धत पाहताना एका तरुणाचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. आपले कितीतरी नातेवाईक आज कॅनडात आहेत. त्यांच्या मुलांना शाळेत हे नाव ऐकायला मिळते. टेरी फॉक्स हे ते नाव.

टेरीचा जन्म १९५८ मध्ये झाला. १९७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. रुग्णालयात त्याने आजूबाजूला कर्करोगाने तळमळणारी माणसे पाहिली, त्यांत लहान मुलेही होती. आपण बरे होऊन घरी गेलो आणि यांना विसरलो तर कसे, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. कर्करोगावरील संशोधनासाठी पैसा उभा करायचा म्हणून कृत्रिम पायाने संपूर्ण कॅनडा धावत पार करण्याचे त्याने ठरवले. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथून तो निघाला. दररोज जवळजवळ एक पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे सुमारे बेचाळीस किलोमीटर! मित्र व्हॅन घेऊन बरोबर असे.

सुरुवातीला फारसे कोणी लक्ष दिले नाही. पण वाटेत पोर्ट ओ बास्क नावाचे एक लहान गाव लागले. तिथे वस्ती सुमारे दहा हजार, आणि त्या गावाने दिले दहा हजार डॉलर. माणशी एक डॉलर! त्यावरून टेरीने पुढे ध्येय ठेवले की, कॅनडातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर मिळावा. जाहिरातींतून स्वतःला पैसा मिळवणे त्याने नाकारले. सारे काही संशोधनासाठीच जावे असा त्याचा आग्रह होता.

१ सप्टेंबर १९८० रोजी, थंडर बे शहराजवळ, त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला होता, पण दुसऱ्या समुद्रापर्यंत पोहोचला नव्हता. शर्यतीच्या भाषेत बोलायचे तर त्याची धाव अपुरी राहिली. पण लोकांनी काम अपुरे ठेवले नाही. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली, म्हणजे माणशी एक डॉलर पूर्ण झाला. २८ जून १९८१ रोजी टेरी देवाघरी गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्याच्या नावाची पहिली धाव झाली. तिच्यात ना विजेता, ना बक्षीस. अशा धावांतून आजवर ८० कोटी कॅनेडियन डॉलरहून अधिक निधी कर्करोगाच्या संशोधनासाठी उभा राहिला आहे.

आमच्या शर्यतीत अकराही जण शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचले, पण पैसे निम्मेच पोहोचले. टेरी रेषेपर्यंत पोहोचला नाही, पण पैसा पोहोचला. प्रभूच्या दृष्टीने कोणती धाव पूर्ण झाली, याचा आपण विचार करावा.

५. गाजावाजा की साक्ष?

काही ज्येष्ठांनी आम्हाला प्रश्न विचारला आहे की, द्यायचेच तर गुपचूप द्यावे, त्यासाठी धावायचे कशाला? प्रभू येशूने तर डाव्या हाताला कळू न देता दान करायला सांगितले आहे (मत्तय ६:१-४). प्रश्न योग्य आहे आणि तो टाळता येत नाही.

पण त्याच डोंगरावरील प्रवचनात, एकच अध्याय आधी, प्रभूने असेही म्हटले आहे की तुमचा प्रकाश लोकांपुढे असा पडावा की त्यांनी तुमची चांगली कामे पाहून स्वर्गातील पित्याचे गौरव करावे (मत्तय ५:१६). दोन्ही वचने एकत्र वाचली की फरक कळतो. लोकांनी पाहावे की न पाहावे, हा खरा मुद्दा नाही. पाहून त्यांनी कोणाची स्तुती करावी, हा मुद्दा आहे. फोटोत धावणाऱ्याचा चेहरा मोठा आणि रुग्णाची गरज बारीक अक्षरांत असेल, तर तो कर्णा वाजवण्याचाच प्रकार झाला. धावणाऱ्याला पाहून अनोळखी माणसाला रुग्णाची आठवण झाली, तर ती साक्ष झाली.

आणि देणाऱ्याचे नाव मात्र गुप्तच राहू द्यावे. कोणी किती दिले याची यादी सूचनाफलकावर लावू नये. मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेला प्रभूने सर्वांत वरचे स्थान दिले (मार्क १२:४१-४४). आपल्या यादीत ती सर्वांत खाली आली असती.

खेळाला ख्रिस्तसभा परके मानत नाही. २९ ऑक्टोबर २००० रोजी, ज्युबिली वर्षात, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये खेळाडूंसाठी मिस्सा अर्पण केली. पुढे व्हॅटिकनमध्ये काम करणाऱ्यांचा 'अॅथलेटिका व्हॅटिकाना' हा संघ स्थापन झाला. त्यात धर्मगुरू, धर्मभगिनी, स्विस गार्ड आणि कर्मचारी एकत्र धावतात आणि दुर्बलांसाठीच्या उपक्रमांना हातभार लावतात. तेव्हा आपले तरुण धावणार असतील तर त्यांना रोखायचे कारण नाही. त्यांना नीट धावायला शिकवायचे आहे, एवढेच.

६. धावण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

आमच्या चुकांवरून पुढील गोष्टी आम्ही सुचवत आहोत.

१) *आधी गरज, मग शर्यत.* कोणासाठी, कशासाठी, किती रक्कम लागणार, हे आधी ठरवावे. आपल्या धर्मग्रामातील सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे बंधू-भगिनी गरजू घरांना नेमाने भेट देतात. त्यांना विचारावे, खरी गरज त्यांना माहीत असते.

२) *रुग्णाची अब्रू राखावी.* संमतीशिवाय नाव किंवा फोटो छापू नये. रुग्णालयाच्या खाटेवरचा फोटो तर नकोच. मदत घेणारा उद्या आपल्याच शेजारी मिस्साला बसणार आहे, हे लक्षात ठेवावे.

३) *खर्च स्वतःचा.* शर्यतीची फी, बूट, टी-शर्ट, प्रवास हे सारे धावणाऱ्याने स्वतः करावे किंवा त्यासाठी वेगळा दाता शोधावा. काही मोठ्या शर्यतींत संस्था पैसे भरून जागा घेतात आणि ती जागा घेणाऱ्या धावकाने ठरावीक रक्कम गोळा करावी अशी अट असते. त्याने ती केली नाही तर संस्थेचे नुकसान होते. म्हणून अट वाचूनच सही करावी.

४) *शक्य तर पैसे आपल्या हातात घेऊच नयेत.* मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्या देणगीची व्यवस्था गेली अनेक वर्षे 'युनायटेड वे मुंबई' ही संस्था पाहते. धावणारा एखादी नोंदणीकृत संस्था निवडतो, आणि देणारा त्या व्यवस्थेतून थेट संस्थेलाच देणगी देतो. त्यामुळे पैसा धावकाच्या खिशातून जात नाही आणि पावतीही मिळते.

५) *रोख घ्यावीच लागली तर* पावतीपुस्तक असावे, पैसे मोजायला एका घरातल्या नसलेल्या दोन व्यक्ती असाव्यात, आणि रक्कम त्याच आठवड्यात बँकेत भरावी. किलोमीटरमागे रक्कम लिहून घ्यायची असेल तर शर्यतीनंतर पंधरा दिवसांची मुदत ठेवावी आणि ती कार्डावरच छापावी.

६) *कायदा पाळावा.* नोंदणी नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. उत्सव मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. म्हणून नोंदणीकृत संस्थेमार्फत जाणे बरे. आयकराची सवलत हवी असणाऱ्यांनी संस्थेला तशी मान्यता आहे का ते पाहावे. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला सवलत मिळत नाही, आणि नवी करपद्धती निवडणाऱ्यांनाही ती मिळत नाही.

७) *परदेशातील नातेवाइकांची देणगी.* आखातात नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ती परकीय देणगी ठरत नाही. पण कॅनडाचे किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतलेल्या बहिणीची देणगी, तिच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, परकीय देणगी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे परकीय देणगी कायद्याखालील नोंदणी हवी. प्रेमापोटी पाठवलेल्या पैशाने संस्था अडचणीत येऊ नये.

८) *हाती आलेलाच आकडा जाहीर करावा.* वचनाचा आकडा वेदीसमोर सांगू नये. जमा किती, खर्च किती, पोहोचले किती, या तीन ओळी एका महिन्याच्या आत याच पत्रकात छापाव्यात.

९) *शरीर हेही देवाचे मंदिर आहे* (१ करिंथ ६:१९). नव्याने धावणाऱ्याने एकदम बेचाळीस किलोमीटरचा नाद करू नये. आधी लहान अंतर, मग काही महिन्यांच्या सरावाने मोठे. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये.

१०) *शर्यतीनंतर भेट.* ज्यांच्यासाठी धावलो त्यांच्या घरी महिन्यातून एकदा तरी जावे. पैसे देऊन झाल्यावर नाते संपले तर ती मदत अर्धीच राहिली.

७. रविवारचे काय?

बहुतेक मॅरेथॉन रविवारी पहाटे होतात. मुंबईची मॅरेथॉन रविवारी असते, आपल्या वसई-विरारची, २०११ मध्ये सुरू झालेली, तीही रविवारीच. "देवाच्या कामासाठी धावलो, म्हणून मिस्सा चुकली तरी चालेल," असे आमच्यापैकी काहींनी त्या वेळी म्हटले होते. ते चुकीचे होते. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे आदल्या संध्याकाळी, म्हणजे शनिवारी, मिस्सात सहभागी झाल्यानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते (धर्मविधिनियम १२४८). शर्यत सकाळी संपते, तेव्हा रविवारी संध्याकाळच्या मिस्सालाही येता येते. म्हणून आमची सूचना आहे की, धावणाऱ्या सर्वांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला एकत्र यावे आणि ज्या रुग्णांसाठी धावायचे त्यांचा हेतू त्या मिस्सात ठेवावा. ज्यांना शक्य आहे त्या रुग्णांनाही बोलवावे. धावणारे आणि ज्यांच्यासाठी धावायचे ते, दोघांनी एकाच वेदीवरची भाकर घ्यावी. पौलाच्या वर्गणीचा दिवसही आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे प्रभूचा दिवसच होता, हे विसरू नये.

समारोप

बंधू-भगिनींनो, धाव आपली असते, पाय आपले, घाम आपला. पण त्या धावेने जमलेला पैसा मात्र पहिल्या रुपयापासून आपला नसतो. ती गरिबांची ठेव असते, आणि ठेव ज्याची त्याच्या हाती पोहोचेपर्यंत आपली शर्यत संपत नाही.

या वेळी पहिले कार्ड भरायला आम्ही त्या भाजीवाल्या मावशींकडेच गेलो. त्यांनी पुन्हा किलोमीटरमागे पाच रुपयेच लिहिले. मग म्हणाल्या, "पोचले की मला सांगायला या." आम्ही जाणार आहोत.

वाडीच्या बैठकीत चिंतनासाठी

१. आपण एखाद्या चांगल्या कामासाठी शब्द दिला आणि तो अर्धवट राहिला, असे काही आठवते का? आज तो पूर्ण करता येईल का?

२. पुन्हा आठवण करून देण्याची लाज आपल्याला का वाटते? ती लाज कोणाच्या जिवावर बेतते?

३. आपल्या वाडीत डायलिसिसला किंवा दुसऱ्या दीर्घ उपचारांना जाणारे कोण आहेत? त्यांना रुग्णालयात नेण्या-आणण्याची पाळी आपण आपसात लावून घेऊ शकतो का? त्यासाठी धावण्याचीही गरज नाही.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू थकलेल्यांबरोबर चाललास आणि मागणाऱ्यांना रिकाम्या हाती पाठवले नाहीस. आमच्या पायांना बळ दे आणि आमच्या हातांना प्रामाणिकपणा दे. जे आम्ही उत्साहाने सुरू करतो ते तुझ्या कृपेने पूर्ण होऊ दे, म्हणजे आमच्या शब्दावर विसंबून बसलेल्या कोणाचाही भरवसा आमच्यामुळे मोडणार नाही. आमेन.